गाढवामुळे वाचलेला सईद

गाझाची बातमी लागली की आपल्या घरांत मोठी माणसे हळहळतात, दुआसाठी हात उचलतात आणि मुले विचारतात, "हे भांडण सुरू कधी झाले?" मग आपण सनावळी सांगू लागतो: १९१७चा बाल्फोर जाहीरनामा, १९४७चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव, १९४८चा नकबा म्हणजे महाअरिष्ट. मुले माना डोलावतात आणि विसरतात. अशा वेळी आम्हाला सईद आठवतो.

सईद हा एमिल हबीबी यांच्या १९७४ सालच्या अरबी कादंबरीचा नायक. हबीबी हे हैफा शहरातल्या ख्रिस्ती अरब घराण्यातले. १९४८नंतरही ते इस्रायलमध्येच राहिले आणि कम्युनिस्ट पक्षातर्फे इस्रायलच्या संसदेत अनेक वर्षे बसले. त्यांच्या सईदचे आडनाव आहे 'मुतशाइल'. अरबीत मुतशाइम म्हणजे निराशावादी आणि मुतफाइल म्हणजे आशावादी. दोन्ही मोडून हे एक नाव जोडले आहे. या घराण्याची रीतच अशी की कितीही मोठे संकट कोसळो, म्हणायचे, "यापेक्षा वाईट झाले नाही, शुक्र आहे!" आपणही म्हणतोच, जिवावरचे शेपटावर निभावले. या घराण्याजवळ मात्र शेपूटही उरलेले नसते.

१९४८च्या धामधुमीत गोळीबार होतो. बाप मारला जातो, सईद वाचतो. कारण एक भटके गाढव नेमके मध्ये येते. म्हणून इस्रायलमधले आपले सारे आयुष्य त्या गाढवाचे देणे आहे, असे तो मानतो. आपण हसतो आणि हसता हसता थांबतो. त्या काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर होऊन बाहेर गेले, जेमतेम दीड लाख नव्या इस्रायलच्या हद्दीत उरले. कोण गेला आणि कोण उरला, हे पुष्कळदा अशा एखाद्या गाढवावरच ठरले होते.

जे उरले त्यांची कथा आणखी अजब. १९५०च्या कायद्याने 'गैरहजर' माणसाची मालमत्ता सरकारजमा झाली. गंमत अशी की गाव सोडून शेजारच्या गावात आसरा घेतलेला माणूसही गैरहजर ठरला. तो देशात हजर, कर भरायला हजर. फक्त स्वतःच्या घरापुरता गैरहजर! अशांना नावच पडले, 'हजर-गैरहजर'. १९६६पर्यंत तिथल्या अरबांवर लष्करी अंमल होता. परगावी जायलाही परवाना लागे. हे सारे खरे घडलेले आहे, विनोदी लेखकाने रचलेले नाही.

कादंबरीतला सर्वांत बोचरा प्रसंग १९६७च्या युद्धातला. रेडिओवरून हुकूम सुटतो की पराभूत अरबांनी घरांवर पांढरे निशाण लावावे. हा हुकूम नव्याने जिंकलेल्या पश्चिम किनाऱ्यासाठी असतो. पण सईद पडला आज्ञाधारक! हैफातल्या आपल्या छपरावर तो झाडूच्या दांड्याला चादर बांधून उभी करतो. त्याची रवानगी तुरुंगात होते. गुन्हा कोणता? हैफाही जिंकून घेतलेलेच शहर आहे, असे त्या चादरीने सुचवले! १९६७च्या भांडणाचे मूळ १९४८मध्ये आहे, हे सांगायला इतिहासकाराला प्रकरण लिहावे लागते. हबीबींना एक चादर पुरली.

आणि सईद काही शूरवीर नाही. तो भित्रा आहे, सरकारचा खबऱ्या आहे. हबीबी राज्यकर्त्यांना हसतात तसेच आपल्या माणसांच्या लाचारीलाही हसतात. म्हणूनच त्यांचे हसणे खरे वाटते. दुसऱ्याच्या दुःखाची थट्टा करणे वेगळे आणि दुःखात होरपळलेल्याने स्वतः हसून सत्य सांगणे वेगळे. हा फरक मुलांना आपण घरीच शिकवायला हवा.

हबीबींना १९९० साली पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचा आणि १९९२ साली इस्रायलचा पुरस्कार मिळाला. दुसरा घेतल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १९९६ साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कबरीवर एवढेच कोरले आहे की हा माणूस हैफातच राहिला. मुलांनी पुन्हा विचारले, "सुरू कधी झाले?" तर सनावळीआधी त्यांना ते गाढव आणि ती चादर सांगून पाहा. पुढचे प्रश्न मुलेच विचारतील.