प्रगतिमापन, चपळ प्रकल्पांतील
काम लहान लहान मुदतींत पुरे करीत जाण्याची आणि प्रत्येक मुदतीअखेर पुढील योजना सुधारून घेण्याची जी पद्धती सॉफ्टवेअर-निर्मितीत ‘अ‍ॅजाइल’ या नावाने रूढ झाली, तीमधील नियोजनाची व प्रगती मोजण्याची साधने. कार्यसूची, कार्यफलक व शेषकार्य-आलेख ही त्यांतील प्रमुख होत.

प्रकल्पाचे वेळापत्रक आरंभीच आखण्याची रीत जुनी आहे. हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता धरण, पूल अशा कामांना आजही उपयोगी पडतो; कारण तेथे काय बांधावयाचे ते बहुतांशी आधी ठरलेले असते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ग्राहकाची मागणीच काम चालू असताना बदलते. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यात जमलेल्या सतरा तज्ञांनी या पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. चालू स्थितीतील सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्यासोबतच्या तत्त्वांत म्हटले आहे.

कार्यसूचीत राहिलेली कामे महत्त्वाच्या क्रमाने मांडतात व क्रम ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवतात. कामाचा आकार तासांत न सांगता परस्परांच्या तुलनेने गुणांकांत सांगण्याचा प्रघात आहे. ‘स्क्रम’ या प्रकारात एका आवर्तनाची मुदत एका महिन्याहून अधिक नसते. ती बहुधा दोन आठवड्यांची असते.

कार्यफलकावर ‘करावयाचे’, ‘चालू’ व ‘पुरे’ असे रकाने असून प्रत्येक कामाची चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकते. ‘कानबान’ ही त्यामागील कल्पना जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी विकसित केली. तिचे मर्म चिठ्ठ्यांत नसून ‘चालू’ रकान्यातील कामांवर घातलेल्या मर्यादेत आहे. संघ आठवड्याला तीन कामे संपवीत असेल आणि बारा कामे एकाच वेळी हाती असतील, तर एका कामास सरासरी चार आठवडे लागतात. वेग तोच राहून हाती सहाच कामे ठेवल्यास दोन आठवडे पुरतात. मर्यादा नसलेला फलक ही केवळ भिंतीवरची शोभा होय.

शेषकार्य-आलेखात आडव्या अक्षावर दिवस व उभ्या अक्षावर उरलेले काम दाखवितात. दहा दिवसांच्या आवर्तनात ४० गुणांकांचे काम घेतले असता पाचव्या दिवशी ३२ उरले, तर संघ मागे पडला हे निम्म्या मुदतीतच कळते आणि काही कामे वगळण्यास अवसर मिळतो. मात्र आलेखातून पूर्ण झालेलेच काम वजा करावयाचे असते. ‘नव्वद टक्के झाले’ या उत्तराला त्यात शून्य किंमत आहे.

टप्पा प्रत्यक्ष पुरा झाल्यावाचून तो न मोजण्याची दृष्टी सॉफ्टवेअरच्या बाहेरही आढळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन कार्यक्रम राबविला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. हानी पोहोचलेल्या घरांची दुरुस्ती व बळकटीकरण मात्र घरमालकांनीच करावयाचे होते. त्यांना मदत हप्त्यांनी मिळे व पुढील हप्ता कामाच्या प्रगतीवर अवलंबून असे. घरमालक व अभियंते यांच्यातील दुवा म्हणून गावोगावी संवाद साहाय्यक महिला काम करीत. हे साम्य अर्थात अपुरे आहे : चौथऱ्यापर्यंत आलेल्या घरात राहता येत नाही, तर चपळ पद्धतीत प्रत्येक भाग आपल्यापुरता वापरण्याजोगा असावा अशी अपेक्षा असते.

या साधनांचा सर्वांत मोठा दोष त्यांच्या दुरुपयोगातून उद्भवतो. गुणांक हे संघाच्या अंतर्गत अंदाजासाठी असतात. ते दोन संघांची तुलना किंवा वेतनवाढ ठरविण्यासाठी वापरले, की अंदाज फुगू लागतात, अडचणी लपविल्या जातात आणि आलेख सुबक होत असता काम मात्र रखडते. माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निरुपयोगी ठरते, हा अर्थशास्त्रातील गुडहार्ट यांच्या नावाचा नियम (१९७५) येथे तंतोतंत लागू पडतो. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही २०११ मध्ये आवर्तनात घेतलेल्या कामाविषयीचा ‘वचन’ या अर्थाचा शब्द काढून त्याऐवजी ‘पूर्वानुमान’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला.