फ्यूज बॉक्स हलवताना मुख्य तार विसरू नये
पावसाळी दमटपणा आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधील टर्मिनलांना गंज चढतो. म्हणून जुनी गाडी दुरुस्त करताना तो बॉक्स डॅशबोर्डखाली हलवण्याचा पर्याय पुढे येतो. मात्र फ्यूज प्रामुख्याने उपकरणाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो. बॉक्स आत गेला की बॅटरीपासून तिथपर्यंतची लांबलेली तार असुरक्षित राहते. ती पत्र्याला घासून उघडी पडल्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून आग लागू शकते. त्यामुळे बॅटरीपासून वीतभर अंतरातच मुख्य फ्यूज बसवावा. पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट हवेच. जुन्या तारेला तुकडा जोडणे स्वस्त पडते खरे, पण वाढलेल्या लांबीला साजेशी जाडी नसेल, तर दिवेही मंदावतात.