आगीची घंटा आणि तिची शिदोरी

९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्रीं भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली व दहा बालकें दगावलीं. अशा वेळीं एकेक क्षण मोलाचा. आणि आगींत वीजही अनेकदां जाते. म्हणून आपल्या इमारतींतील धोक्याच्या घंटेला बॅटरीची शिदोरी हवी.

ती केवढी असावी? वीज २४ तास नसली तरी यंत्रणा जागी राहावी व नंतर अर्धा तास घंटा वाजावी, असें धरूं. जागी राहण्यास ०.२ अँपियर लागत असल्यास २४ तासांचे ४.८ अँपियर-तास झाले. वाजण्यास १ अँपियर, म्हणजे अर्ध्या तासाचा ०.५. बेरीज ५.३. बॅटरी जुनी होतांना क्षीण होते, म्हणून चौथाई भर घालावी; सुमारें ६.६ होतात. तेव्हां ७ अँपियर-तासांची बंदिस्त बॅटरी घ्यावी. मोटारीची नको, ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं असते.

आमच्या शिरड शहापुरीं उन्हाळा कडक. २५ अंशांच्या वर दर १० अंशांस शिशाच्या बॅटरीचें आयुष्य जवळजवळ निम्में होतें. म्हणून ती तापत्या पत्र्याखालीं ठेवूं नये. बसविल्याची तारीख तिच्यावर लिहावी. हिरव्या दिव्यावर विसंबूं नये. मुख्य वीज बंद केल्यावर घंटा वाजते कीं नाहीं, हीच खरी परीक्षा.