मश्रूम बिर्याणी आणि जॉन पील

लोकलमध्ये हेडफोन कानात घातले की मला हटकून जॉन पील आठवतो. ऐकलाय कधी? लाइव्ह मीही नाही ऐकला. 25 ऑक्टोबर 2004 ला पेरूमधल्या कुस्कोत हार्ट अ‍ॅटॅकनं तो गेला, वय 65, तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. कॉलेजात त्याच्या जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज हाती लागली आणि या परक्या माणसाचं सुतक मला दहा-बारा वर्षं उशिरा लागलं.

1967 पासून शेवटपर्यंत हा बाबा बीबीसी रेडिओ 1 वर नवी गाणी लावायचा. पंक, रेगे, आफ्रिकन गिटार, काहीही. 1978 मध्ये डेरीच्या 'द अंडरटोन्स'चं 'टीनएज किक्स' आवडलं, तर पठ्ठ्यानं लागोपाठ दोनदा लावलं!

आणि तो बिर्याणीचा किस्सा. 1983 मध्ये पील ऑन एअर बोलून गेला की आत्ता मश्रूम बिर्याणी मिळाली तर काय बहार येईल. बिली ब्रॅगला तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. गडी बिर्याणी आणि आपली रेकॉर्ड घेऊन थेट बीबीसीत हजर. पीलनं गाणं लावलं (चुकीच्या स्पीडवर, ही त्याची खासियतच) आणि वर सांगितलं, बिर्याणी नसती तरी लावलं असतं.

माझं अ‍ॅप मला आवडलेल्या गाण्यासारखंच पुढचं गाणं देतं. काल पीलचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. तिसरं गाणं भयंकर होतं, यार. बदललं नाही. दादर येईपर्यंत ऐकलं.