चित्र घडताना : व्होलारच्या हातावरची कोरी जागा

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या दिल्लीतल्या खोलीत आज जायचे ठरले होते, पण तो लेख आता पुढच्या आठवड्यात. फ्रेंच चित्रकार सेझानवरचा मजकूर वाचून एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे की, तो ओलांडून पुढे जाववत नाही. सेझानने काढलेल्या आंब्रवाझ व्होलारच्या व्यक्तिचित्रात उजव्या हातावर दोन लहान पांढरे ठिपके दिसतात. तिथला रंग उडाला आहे, की चित्र अर्धवट राहिले आहे?

रंग उडालेला नाही. त्या दोन जागी सेझानने रंग लावलाच नाही. दिसतो तो कोरा कॅनव्हास.

व्होलार हा पॅरिसचा चित्रविक्रेता. सेझानचे पहिले एकल प्रदर्शन 1895 मध्ये त्यानेच भरवले. 1899 मध्ये तो सेझानसमोर बसू लागला. सकाळी आठ ते साडेअकरा ही बैठकीची वेळ. खुर्ची एका डुगडुगत्या खोक्यावर ठेवलेली. एकदा व्होलारला डुलकी लागली आणि खुर्चीसकट तो खाली आला. त्याला लागले का, हे सेझानने विचारले नाही. बैठक मोडली म्हणून तो संतापला आणि सफरचंदासारखे निश्चल बसायला त्याने बजावले. व्होलारने पुढे आठवणी लिहिल्या, त्यांत अशा 115 बैठकींचा उल्लेख आहे. एवढे होऊन सेझान आपल्या गावी, एक्सला निघून गेला तो इतकेच सांगून, की सदऱ्याचा पुढचा भाग काही वाईट जमलेला नाही!

ठिपक्यांबद्दल व्होलारने त्याला भीत भीत विचारले होते. उत्तराचा आशय असा : दुपारी लूव्रमध्ये जुन्या चित्रांचा अभ्यास नीट झाला, तर उद्या कदाचित योग्य रंगछटा सापडेल. पण अंदाजाने काहीतरी लावले, तर त्या जागेपासून सुरुवात करून सगळे चित्र पुन्हा रंगवावे लागेल.

हे उत्तर अतिशयोक्तीचे वाटते, पण सेझानची रीत पाहिली की पटते. आधी रेखाटन करून मग ते रंगाने भरायचे, अशी त्याची पद्धत नव्हती. तो रंगाचा एक फटकारा मारायचा आणि पुढचा त्याच्याशी ताडून ठरवायचा. हाताची छटा कोटाच्या तपकिरीवर अवलंबून, कोटाची मागच्या भिंतीवर. तंबोऱ्याचा षड्ज हलला की गाणाऱ्याचे सगळेच स्वर हलतात, तसे हे आहे. म्हणून एका ठिपक्याची शंका साऱ्या कॅनव्हासभर पसरते.

शिल्पकार-चित्रकार अल्बेर्तो जाकोमेत्तीची शंका वेगळ्या जातीची. 1964 मध्ये पॅरिसमध्ये अमेरिकन लेखक जेम्स लॉर्ड त्याच्यापुढे बसला तो एका दुपारपुरता. बैठकी झाल्या अठरा. काढलेला चेहरा जाकोमेत्ती पुसून टाकायचा आणि पुन्हा नव्याने मांडायचा. लॉर्डने चित्राचे वेळोवेळी फोटो काढून ठेवल्यामुळे हा खेळ आज पाहता येतो. जाकोमेत्ती शंका आली की पुसायचा, सेझान शंका आली की थांबायचा.

या थांबण्याला धरसोड म्हणणे अन्यायाचे आहे. एरवी घट्ट, थरावर थर चढवून रंगवलेल्या या चित्रात त्या दोन जागा सहज बुजवता आल्या असत्या. व्होलारने तक्रारही केली नसती. सेझानने तसे केले नाही. बैठकीतले कपडे त्याने व्होलारला स्टुडिओतच ठेवायला लावले, कारण परत येऊन हात पुरा करायचा त्याचा इरादा होता. ते राहून गेले आणि 1906 मध्ये सेझान वारला.

तेव्हा वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर : चित्र अपुरे आहे, पण निष्काळजीपणाने नव्हे. पॅरिसला जाणाऱ्यांनी ते पती पॅले संग्रहालयात जरूर पाहावे. तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. आधी थोडे लांब उभे राहून कोटाचा तपकिरी पाहा, मग हाताजवळ जा. गायतोंडे पुढच्या आठवड्यात नक्की.