दुव्यात दडलेलं चाकण

मराठी विकिपीडिया आपण सगळेच वापरतो, निदान सबमिशनच्या आदल्या रात्री तरी! २००३ साली सुरू झालेल्या या साइटवर ‘चाकण’ या निळ्या शब्दावर क्लिक केलं की चाकणचं पान उघडतं. ब्राउझरला पत्ता कळतो कसा? त्या शब्दाभोवती ‘ए’ हा टॅग असतो आणि त्याच्या ‘एचरेफ’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पत्ता लिहिलेला असतो.

तो जावास्क्रिप्टने वाचायचा तर आधी ‘क्वेरीसिलेक्टर’ने एलिमेंट शोधायचा, मग त्यावर ‘गेटअ‍ॅट्रिब्यूट’ चालवून कंसात अवतरणचिन्हांत ‘एचरेफ’ द्यायचं. उत्तर मात्र चक्रावून टाकतं. चाकणच्या जागी %ई०%ए४%९ए अशी सुरू होणारी लांबलचक माळ! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरांत लिहितात. च, काना, क, ण ही ४ चिन्हं, म्हणजे ३६ अक्षरं. (काना वेगळा मोजतात बरं का!) ‘डीकोडयूआरआयकॉम्पोनंट’ या फंक्शनमधून ही माळ काढली की चाकण पुन्हा हजर.

आता खरी गंमत. त्याच एलिमेंटला गेटअ‍ॅट्रिब्यूट न वापरता, नुसता टिंब देऊन ‘एचरेफ’ विचारलं तर? पानात ‘/विकी/’ पासूनचा अर्धाच पत्ता लिहिला असला तरी इथे साइटच्या नावासकट पूर्ण पत्ता मिळतो. कारण अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएलमध्ये जे लिहिलंय ते, आणि प्रॉपर्टी म्हणजे ब्राउझरने त्यातून जे समजून घेतलंय ते.

दुव्यात हा फरक चालून जातो, फॉर्ममध्ये नाही. समजा हॉस्टेलच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘मेस रजा’ या चौकोनात आधीच टिक आहे. तुम्ही ती काढलीत. तरी गेटअ‍ॅट्रिब्यूटने ‘चेक्ड’ विचारलं तर ते अ‍ॅट्रिब्यूट जागच्या जागी सापडतं, कारण एचटीएमएलमध्ये तसंच लिहिलंय. प्रोग्रॅमच्या मते तुम्ही रजेवर, आणि रात्री ताट नाही! रूम नंबरचंही तेच. ‘व्हॅल्यू’ अ‍ॅट्रिब्यूट आधी भरलेला जुना नंबर सांगतं, तुम्ही टाइप केलेला नवा नंबर प्रॉपर्टीत असतो. म्हणून फॉर्ममध्ये टिंब देऊन प्रॉपर्टीच वाचावी.

मग गेटअ‍ॅट्रिब्यूट हवंच कशाला? कारण कधी कधी काय लिहिलंय, किंवा लिहिलंच नाही, हेच तपासायचं असतं. मराठी विकिपीडियाच्या पानावर ‘एचटीएमएल’ टॅगलाच ‘लँग’ अ‍ॅट्रिब्यूट असतं, किंमत ‘एमआर’, म्हणजे मराठी. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर यावरून कुठला आवाज लावायचा ते ठरवू शकतो. आपण बनवलेल्या मराठी पानावर तिथे ‘ईएन’ राहिलं तर इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करत बसण्याची शक्यता. अ‍ॅट्रिब्यूट मुळातच नसेल तर गेटअ‍ॅट्रिब्यूट ‘नल’ देतं, प्रॉपर्टी मात्र रिकामी स्ट्रिंग. तेव्हा उत्तरावर पुढची प्रोसेस करण्याआधी नल आहे का ते बघा, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन थांबेल.