बाहेरून पुस्तक मागवताय? आधी जवळच्या वाचनालयाची यादी बघा!

वज्रेश्वरीच्या इतिहासावर वाचायचं ठरवलं की पुस्तक थेट ठाण्याहून मागवावंसं वाटतं. तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, साठा समृद्धच. तरी आधी आपल्या भागातल्या वाचनालयाची यादी नीट तपासा. हवं ते पुस्तक तिथल्याच कपाटात असू शकतं!

📚 फक्त ‘वज्रेश्वरी’ शोधून थांबू नका. वज्राबाई, अकलोली, गणेशपुरी, तानसा, वसई, चिमाजी अप्पा हेही शोधा. वज्रेश्वरी देवीच्या मंदिराची कथा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाशी जोडलेली आहे, त्यामुळे पेशवाईवरची पुस्तकंही चाळा.

📚 यादीत शीर्षक असतं, आतली प्रकरणं नसतात. सरदेसाईंच्या ‘मराठी रियासत’सारख्या ग्रंथात वसईची मोहीम सापडते, पण त्यासाठी खंड उघडून अनुक्रमणिका बघावी लागते.

📚 दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात भारताचा इतिहास ९५४ क्रमांकाखाली असतो. ते कपाट स्वतः पाहा.

📚 जुनी पुस्तकं संगणकात चढलेली नसतील, तर ग्रंथपालांना दाखल रजिस्टर बघायची विनंती करा. पुस्तक दुसऱ्या सभासदाकडे असेल, तर आपलं नाव नोंदवून ठेवा.

तरीही नाही मिळालं? मग जरूर बाहेरून मागवा, पण लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती लिहून द्या. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं वेगळं, १९८२ चं वेगळं!

‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा डॉ. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम. यादी बघणारा वाचक स्वतःबरोबर ग्रंथपालांचाही वेळ वाचवतो.